पंचवीस मीटरची गाडी गोव्यात कुठे वळेल?

जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या धामधुमीत, केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक दुरुस्ती झाली. मालवाहू गाडी किती लांब, किती रुंद असावी हे ठरवणारा तो नियम. या दुरुस्तीने ट्रेलर जोडलेल्या गाड्यांची कमाल लांबी १८.७५ मीटर केली आणि ठरावीक मार्गांपुरती २५.२५ मीटरच्या 'रोड ट्रेन'ला वाट मोकळी करून दिली. पुढे इंजिनाची गाडी, तिला जोडलेला एक ट्रेलर आणि त्याच्या मागे आणखी एक. कदंब महामंडळाच्या दोन बस एकामागे एक उभ्या केल्या की साधारण तेवढी लांबी भरते.

त्यातच शक्तिपीठ महामार्गाचा विषय आला. मूळ आराखड्यात हा रस्ता वर्धा जिल्ह्यातल्या पवनारहून निघतो, महाराष्ट्रातल्या १२ जिल्ह्यांतून ८०२ किलोमीटर येतो आणि गोव्याच्या सीमेवरच्या आपल्या पत्रादेवीला संपतो. कोल्हापूरच्या आणि इतर भागांतल्या शेतकऱ्यांचा त्याला कडवा विरोध आहे आणि जमिनीचा तो प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे. पण रस्ता याच आखणीने झाला किंवा वेगळ्या, त्याचे गोव्याकडचे टोक पेडणे तालुक्याच्या उंबरठ्यावर येणार. मोठ्या गाड्यांसाठी बांधलेला सरळ, रुंद रस्ता तिथे थांबेल. गाडी थांबेल का?

माझे म्हणणे आधीच सांगतो. लांब गाडी वाईट नसते. योग्य रस्त्यावर ती डिझेल वाचवते आणि अनेकदा रस्ताही कमी झिजवते. मात्र मालवाहतुकीचा कॉरिडॉर आखायचा म्हणजे नकाशावर जाड रेघ ओढायची, एवढ्यावर आपली चर्चा थांबते. त्या रेघेच्या टोकाला गाडी कुठे सोडायची, तिचे तुकडे कुठे करायचे आणि तिथून पुढे माल कशावर चढवायचा, हे नियोजनाचे खरे काम आहे. गोव्यापुरते बोलायचे तर ती जागा सीमेवरच असायला हवी. का, ते समजण्यासाठी गाडीपासूनच सुरुवात करावी लागते.

लांबी कुणाच्या फायद्याची

माल दोन प्रकारे गाडी भरतो. सिमेंट, लोखंड, खनिज हा माल वजनाने भरतो. डबा अर्धा रिकामा दिसत असतो, पण काट्यावर गाडी पासिंगच्या, म्हणजे कायद्याने मंजूर, वजनाला टेकलेली असते. कुरियरची पार्सले, औषधांची खोकी, वेफर्सची पाकिटे, प्लास्टिकच्या बाटल्या हा माल जागेने भरतो. डबा खचाखच भरला तरी वजनाची मर्यादा दूरच राहते. लांब गाडीचा मोठा फायदा या दुसऱ्या मालाला होतो. एकच चालक, एकच इंजिन आणि दीडपट-दुप्पट जागा. युरोपातल्या अनुभवावरून टनामागे इंधनाची बचत साधारण १५ ते २० टक्क्यांच्या घरात धरली जाते.

स्वीडन आणि फिनलंडमध्ये २५.२५ मीटरच्या गाड्या कित्येक वर्षे धावत आहेत. आपल्या नियमातला आकडाही अगदी तोच आहे. नेदरलँड्सने आधी मोजक्या रस्त्यांवर चाचण्या घेतल्या आणि मग परवानगी वाढवत नेली. फिनलंडने २०१३ मध्ये एकूण वजनाची मर्यादा ७६ टनांवर नेली आणि २०१९ मध्ये लांबी ३४.५ मीटर केली. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात तर ५३.५ मीटरच्या गाड्या चालतात. तिथे शंभर-शंभर किलोमीटर वळण येत नाही आणि वाटेत गावही लागत नाही. हा तपशील लक्षात ठेवू, त्याचे काम पुढे आहे.

रस्ता झिजवते ती धुरा

गाडी लांब आणि जड दिसली की रस्ता तीच फोडणार असे आपल्याला वाटते. रस्त्याला मात्र गाडीचे एकूण वजन कळत नाही. एका धुऱ्यावर, म्हणजे चाके ज्यावर बसवलेली असतात त्या आडव्या दांड्यावर, किती भार आला तेवढेच त्याला कळते. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक अखंड फिरवले गेले. त्या चाचणीतून निघालेला नियम जगभर आजही वापरात आहे: रस्त्याची झीज धुऱ्यावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज दुप्पट होत नाही, सोळापट होते.

हा नियम आपल्याकडच्या आकड्यांना लावू. २०१८ च्या जुलैत केंद्राने मालवाहू गाड्यांचे कायदेशीर वजन वाढवले. चार टायरच्या एकेरी धुऱ्याची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. भारात वाढ झाली सुमारे १३ टक्के. चौथा घात काढला की त्या धुऱ्यामुळे होणारी झीज सुमारे १.६ पट भरते. आपले अभियंते डांबरी रस्त्याची जाडी ठरवताना ८.१६ टनांची एक प्रमाण धुरा धरतात. ११.५ टनांची धुरा त्या हिशेबात जवळजवळ चार प्रमाण धुऱ्यांइतकी पडते. लहान मोटारीची पाऊण टनाची धुरा घेतली, तर तेवढीच झीज करायला अशा पन्नास हजारांहून जास्त धुरा त्याच जागेवरून जाव्या लागतील. फोंडा-मोले रस्त्यावर चाकोऱ्या आणि खड्डे नेमके ट्रकच्या डाव्या पट्ट्यात का पडतात, त्याचे उत्तर इथे आहे. पावसाचे पाणी वर भर घालते, पण सुरुवात भाराने होते.

म्हणून ७६ टनांची फिनिश गाडी नऊ धुऱ्यांवर चालते. वजन वाढले, पण प्रत्येक धुऱ्याच्या वाट्याला आलेला भार वाढू दिला नाही. उलट दहाचाकीत पासिंगपेक्षा चार-पाच टन जास्त भरले, तर दिसायला लहान असलेली ती गाडी रस्त्याचे जास्त नुकसान करते. तेव्हा कॉरिडॉरच्या सुरुवातीला पहिली गोष्ट लागते ती वजनकाटा, आणि तोही धुऱ्यागणिक वजन दाखवणारा. हे काम खर्चाचे नाही, नेटाने करण्याचे आहे.

वळणावर खरी परीक्षा

झिजेच्या बाबतीत लांब गाडी निर्दोष सुटू शकते. वळणावर तिला तशी सुटका नाही, आणि गोव्याचा प्रश्न इथेच सुरू होतो.

काणकोणहून बाळ्ळीकडे येताना करमल घाट लागतो. तिथल्या एखाद्या डाव्या वळणावर, रस्त्याच्या बाहेर सुरक्षित जागी, थोडा वेळ उभे राहून बघण्यासारखे आहे. कंटेनरवाला वळणाच्या बऱ्याच आधी हॉर्न देतो. मग तो गाडी मुद्दाम उजवीकडे, समोरून येणाऱ्यांच्या पट्ट्यात घालतो. घोडा, म्हणजे पुढची इंजिनाची गाडी, वळून पुढे गेलेला असतो आणि ट्रेलर अजून मागच्या दिशेतच असतो. क्लीनर डाव्या खिडकीतून अर्धा बाहेर वाकून मागच्या चाकांकडे बघत 'येऊ दे, येऊ दे' करत असतो. ती चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत. ती आत सरकत सरकत गटाराच्या काठावरून जातात. डांबराची कड तिथे तुटलेली असते, खालची तांबडी माती उघडी पडलेली असते. समोरची मोटार थांबलेली, तिच्या मागे दुचाकी थांबलेल्या. चालक चुकलेला नसतो. ते वळण घ्यायला दुसरा मार्गच नसतो.

यामागचे गणित शाळेतल्या पायथागोरसच्या प्रमेयाचे आहे. घोड्याच्या पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांत ३.८ मीटर अंतर धरा. ट्रेलर जिथे घोड्यावर टेकतो त्या खिळ्यापासून ट्रेलरच्या मागच्या धुऱ्यांपर्यंत ९ मीटर धरा. पुढची चाके २० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून फिरत राहिली, तर २० च्या वर्गातून ३.८ आणि ९ यांचे वर्ग वजा करून वर्गमूळ काढायचे. उत्तर येते सुमारे १७.५. मागची चाके अडीच मीटर आतून जातात. त्रिज्या १५ मीटर केली तर मागची चाके ११.४ मीटरच्या वर्तुळावर येतात, साडेतीन मीटरांहून जास्त आत. त्यात गाडीची स्वतःची अडीच मीटर रुंदी मिळवा. एकट्या गाडीला सहा मीटरांहून अधिक रुंद पट्टा लागला. दुपदरी रस्त्याचे डांबर असते सात मीटर. घाटातल्या नागमोडी वळणाची आतली त्रिज्या किमान १४ मीटर असावी असे भारतीय मानक सांगते, म्हणजे हा हिशेब काल्पनिक नाही.

आता एक गोष्ट, जी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटी वाटते. वजाबाकी लांबीची होत नाही, लांबीच्या वर्गाची होते. त्यामुळे १२ मीटरचा एकच अखंड ट्रेलर १४४ वजा करतो. सहा-सहा मीटरचे दोन ट्रेलर मिळून ३६ अधिक ३६, म्हणजे ७२ च वजा करतात. सांध्यातले बारकावे बाजूला ठेवले, तर दोन तुकड्यांची गाडी तेवढ्याच लांबीच्या एकसंध गाडीपेक्षा सहज वळते. जोडगाडीचे समर्थक हा मुद्दा मांडतात तेव्हा ते खरेच बोलत असतात.

पण सांधा फुकट मिळत नाही. हळू वळताना जो सांधा मदत करतो, तोच वेगात घात करतो. समोर अचानक गुरे आली, चालकाने झटकन चाक उजवीकडे घेतले आणि पुन्हा डावीकडे, तर घोड्याला बसलेला हिसका पहिल्या ट्रेलरपर्यंत थोडा वाढून पोचतो आणि दुसऱ्यापर्यंत आणखी वाढून. साध्या दांडीने जोडलेल्या दोन ट्रेलरांच्या गाडीत शेवटच्या ट्रेलरला बसणारा आडवा हिसका घोड्याच्या हिसक्याच्या दुपटीच्या आसपास जातो. तीन ट्रेलर असले तर त्याहून जास्त. चालकाला पुढे काही जाणवायच्या आत मागचा डबा कलंडलेला असतो. यावर उपाय आहे. दुसरा ट्रेलर दांडीने ओढण्याऐवजी पहिल्या ट्रेलरच्या पाठीवरच, घोड्यावर असतो तशाच गोल तबकडीवर टेकवायचा. एक सांधा कमी होतो आणि शेपूट बरीच शांत होते. ऑस्ट्रेलियातल्या सुमारे २६ मीटरच्या 'बी-डबल' गाड्या अशा जोडलेल्या असतात. तेव्हा कुठल्या लांबीला परवानगी दिली एवढे विचारून भागत नाही, जोड कुठल्या प्रकारची आहे हेही विचारावे लागते.

ऑस्ट्रेलियाने यातून एक शहाणी पद्धत काढली. लांबीचा एकच आकडा सगळ्यांना लावण्याऐवजी गाडी कशी वागते ते मोजायचे: वळताना किती रुंद पट्टा व्यापते, शेपूट किती हलते, किती झुकल्यावर उलटते. आणि रस्त्यांनाही चार दर्जे द्यायचे. पहिल्या दर्जाच्या, म्हणजे सर्वांत मोकळ्या परवानगीच्या रस्त्यांवर जायचे तर १२.५ मीटर त्रिज्येच्या काटकोनी वळणात गाडीने ७.४ मीटरांपेक्षा जास्त पट्टा व्यापता कामा नये. चौथ्या दर्जाला हीच मर्यादा १३.७ मीटर आहे. ते रस्ते निर्जन प्रदेशातले. दोन्ही बाजूंचे माप घेतल्याशिवाय जोडी जमवायची नाही, हा त्यातला मुद्दा.

आपल्या दुपदरी रस्त्यांवर आणखी एक प्रश्न आहे, तो मागून येणाऱ्याचा. ट्रक ताशी ४० किलोमीटरने चालला आहे आणि तुम्ही ६० ने त्याला मागे टाकता आहात. पुढे-मागे पंधरा-पंधरा मीटर अंतर राखले आणि तुमच्या मोटारीची चारेक मीटर लांबी धरली, तर दहा मीटरच्या ट्रकला ओलांडायला सुमारे आठ सेकंद लागतात. २५.२५ मीटरच्या गाडीला जवळजवळ अकरा. समोरूनही कुणी ६० ने येत असेल, तर आधी २६५ मीटर रस्ता मोकळा दिसणे पुरेसे होते, आता ३५५ मीटर लागतो. पोळ्यापासून बाळ्ळीपर्यंतच्या जुन्या दुपदरी तुकड्यांत एवढा सरळ रस्ता एका नजरेत दिसतो अशा जागा किती आहेत, हे त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांना सांगायला नको.

पूल आणि घाट

पुलांच्या बाबतीत एक गंमतशीर वाटेल अशी गोष्ट आहे. भारतातले रस्त्यांवरचे पूल ज्या भारांसाठी तपासले जातात, त्यांतला 'क्लास ए' नावाचा भार ही मुळात एक कल्पित जोडगाडीच आहे. एक ओढणारी गाडी, मागे दोन ट्रेलर, आठ धुरा, एकूण ५५.४ टन. सर्वांत जड धुरा ११.४ टनांची. आज रस्त्यावर कायद्याने चालू शकणाऱ्या सर्वांत जड ट्रॅक्टर-ट्रेलरची मर्यादा ५५ टन आहे आणि एकेरी धुऱ्याची ११.५. कागदावरची गाडी आणि खरी गाडी आता एकमेकींना येऊन भिडल्या आहेत. पूल बांधताना सुरक्षेसाठी जास्तीची ताकद धरलेली असते आणि मोठ्या पुलांसाठी याहून जड भारही तपासलेला असतो, त्यामुळे नव्या पुलांची चिंता नको. प्रश्न जुन्या पुलांचा आणि असंख्य लहान मोऱ्यांचा.

गोव्याला हे कुणी शिकवायची गरज नाही. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला आणि पणजी-पर्वरी पुन्हा फेरीबोटीवर आली. खाऱ्या हवेने आतल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. झुआरीवरचा १९८३ चा पूलही पुढे अशक्त झाला आणि अवजड गाड्यांना त्यावरून बंदी आली. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतला माल पणजीकडे न्यायचा तर बोरीच्या पुलावरून, फोंड्यामार्गे वळसा. नव्या झुआरी पुलाच्या पहिल्या चार मार्गिका २९ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाल्या तेव्हा तो फेरा सुटला. इतकी वर्षे त्या वळशाचे डिझेल, वेळ आणि फोंडा तालुक्यातल्या रस्त्यांची झीज कुणाच्या खात्यावर पडली, याचा हिशेब कुठल्याच प्रकल्प अहवालात नसतो. एक पूल कमजोर असला की अख्खा कॉरिडॉर तेवढाच कमजोर.

घाटाचे गणित वेगळे. ५५ टनांची गाडी घाटमाथ्यावरून ५०० मीटर खाली उतरते तेव्हा जेवढी ऊर्जा मोकळी होते ती विजेच्या सुमारे ७५ युनिटांइतकी. ती सगळी कुठेतरी उष्णता होऊन जायला हवी. चालकाने खालच्या गिअरमध्ये उतरवली तर बराचसा वाटा इंजिन उचलते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर येतो, ड्रम तापून लाल होतात आणि नेमक्या शेवटच्या वळणावर ब्रेक लागत नाहीत. बेळगावहून आपल्याकडे येणारा अनमोडचा रस्ता अशा उताराचा आहे, शिवाय पावसाळ्यात तो स्वतःही धोक्यात असतो. जुलै २०२५ मध्ये तिथे रस्ता खचला आणि अवजड वाहने थांबवावी लागली. त्याची पर्यायी वाट म्हणून आपण चोर्ल्याकडे बघतो, पण तो घाट अरुंद आहे, लांब गाड्यांचा नव्हेच. चतुर्थीच्या आधी बेळगावच्या भाजीच्या गाड्या या दोन वाटांनीच येतात. त्या लहान गाड्या आहेत आणि तशाच राहिल्या तर बरे.

रस्ता चौपदरी केला की सगळे सुटेल, असे म्हणणे सोपे आहे. अनमोडहून खाली येणारा हा मोलेचा रस्ता भगवान महावीर अभयारण्यातून जातो. तिथल्या रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. त्या जंगलाला रुंदीची मर्यादा आहे, आणि मला ती मान्य आहे.

गाडी तोडण्याची जागा

मग लांब गाड्या चालवणारे देश गावांचे काय करतात? अमेरिकेत न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांतल्या टोल महामार्गांवर पूर्ण लांबीचे दोन ट्रेलर जोडून न्यायला परवानगी आहे. पण ती जोडी महामार्ग सोडून खाली उतरत नाही. बाहेर पडण्याच्या नाक्याजवळ मोकळे, सपाट पटांगण असते. गाडी तिथे येते. मागचा ट्रेलर स्वतःच्या पायांवर उभा केला जातो, हवेच्या आणि विजेच्या नळ्या सोडल्या जातात, खिळा मोकळा होतो. पुढचा ट्रेलर घेऊन घोडा शहरात जातो आणि दुसऱ्या ट्रेलरसाठी दुसरा घोडा येतो. परतीच्या वाटेवर तिथेच पुन्हा जोडी जमते. हे पटांगण नसेल तर त्या महामार्गावर लांब गाडीला अर्थ उरत नाही. १९९१ मध्ये अमेरिकेने अशा गाड्यांचे मार्ग आणि मापे होती तिथेच गोठवली, तेव्हाही ही जुनी जोडणी टिकली ती या व्यवस्थेमुळे, असे मला वाटते.

गोव्याचा नकाशा आता यासमोर धरा. लांबीला योग्य असा रुंद रस्ता आपल्याकडे तुकड्यातुकड्यांत आहे: पेडण्यापासून म्हापशाकडे, पुढे पुलांवर, वेर्ण्याच्या आसपास. या तुकड्यांना खेटून वस्ती आहे, बाजार आहे, शाळेत जाणारी मुले आहेत, पर्यटकांच्या भाड्याच्या दुचाक्या आहेत. अख्खे राज्य उत्तर-दक्षिण शंभर-सव्वाशे किलोमीटरचे. लांब गाडीची बचत शेकडो किलोमीटर न थांबता धावण्यातून येते. शेवटच्या पन्नास किलोमीटरसाठी तिला आत घेतले तर वाचणारे डिझेल किरकोळ, आणि प्रत्येक जंक्शन फोडून रुंद करण्याचा खर्च मात्र कायमचा. म्हणून धारगळ-पत्रादेवीच्या पट्ट्यात, महामार्गाला लागून, जोडतोडीचे पटांगण असावे. तिथून पुढे एकेक ट्रेलर किंवा लहान ट्रक.

या पटांगणात चालकांसाठी स्वच्छ संडास-बाथरूम, जेवण आणि झोपायची जागा हवीच. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तास कामाची मर्यादा घातली होती. महामार्गाच्या कडेला, अंधारात, मागचा दिवा न लावता उभा असलेला ट्रेलर आणि त्यावर आदळलेली दुचाकी ही बातमी आपण वाचून सोडून देतो. त्या चालकाला गाडी लावायला दुसरी जागा कुठे होती, हा प्रश्न बातमीत येत नाही.

पटांगणातून निघणारा सगळा माल रस्त्यावरच चढवायचीही गरज नाही. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते वेर्णा 'रोरो' सेवा सुरू केली. भरलेला ट्रक जसाच्या तसा सपाट वाघिणीवर चढतो, चालक आणि क्लीनर आपल्याच केबिनमध्ये बसून येतात आणि वेर्ण्याला ट्रक उतरून थेट औद्योगिक वसाहतीत जातो. मुंबईकडून येणारा जड माल घाटवळणे टाळून आणण्याचा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही. बाळ्ळीला कंटेनर हाताळण्याचे केंद्रही रेल्वेच्या कडेलाच आहे. कॉरिडॉर म्हटला की रस्ताच डोळ्यांसमोर येतो, हे आपल्या नियोजनाचे दुबळेपण आहे.

गोव्यात 'कॉरिडॉर' या शब्दाने माणसे सावध होतात, त्याला कारण आहे. खाणींच्या तेजीत सावर्डे, कुडचडे, उसगावच्या माणसांनी बिनआखणीचा कॉरिडॉर कसा असतो ते भोगले आहे. खाणीपासून जेटीपर्यंत खनिजाचे टिप्पर गावच्या रस्त्यावरून, घरांच्या ओसऱ्यांना घासून, दिवसभर रांगेने जात. झाडांची पाने लाल, दोरीवरची धुणी लाल. एक बार्ज दीड-दोन हजार टन उचलते. दहा टनांच्या ट्रकने ती भरायची तर दीडशे ते दोनशे फेऱ्या. नदीतला प्रवास स्वस्त आणि शांत होता, सगळा त्रास खाण ते जेटी या थोड्या किलोमीटरांत कोंडला होता. खनिजासाठी वेगळ्या बगलरस्त्याची मागणी वर्षानुवर्षे झाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले, मार्चमध्ये खाणी थांबल्या आणि ट्रकमालकांच्या दारात हप्ते थकलेले टिप्पर उभे राहिले. म्हणजे रस्त्याने गावालाही सुख दिले नाही आणि ट्रकवाल्यालाही शाश्वती दिली नाही.

त्यामुळे नव्या कॉरिडॉरच्या सुनावणीत लोकांनी पहिल्यांदा मागायची ती मालाची जनगणना. कुठली गाडी कुठून निघाली, कुठे चालली, आत काय आहे, परत जाताना रिकामी की भरलेली. नाक्यावर गाड्या थांबवून हे विचारण्याची पद्धत रस्ते नियोजनात रूढ आहे. तिचे आकडे हातात आल्यावरच कळते की हा माल गोव्याचा आहे की फक्त गोव्यातून जाणारा. दोहोंना वेगळा रस्ता लागतो. ही पाहणी कुठल्या महिन्यात केली हेही बघायला हवे. पावसाळ्यातले आकडे आणि डिसेंबरातले आकडे यांत आपल्याकडे जमीन-अस्मानाचा फरक असतो. दुसरी मागणी, प्रत्येक जंक्शनवर सर्वांत लांब गाडी वळताना किती पट्टा व्यापेल त्याचा नकाशा. संगणकावर तो काही मिनिटांत निघतो. तो पाहिला की कुणाच्या कुंपणावरून मागचे चाक जाणार आहे हे सामान्य माणसालाही वाचता येते.

आणि पटांगणाची जमीन आत्ताच राखायला हवी. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्यातल्या सड्यावरच्या जमिनींवर सगळ्यांचा डोळा आहे. रस्ता आल्यावर जागा शोधायला गेलो तर उरेल ती उतारावरची, नाहीतर शेतातली. पूर्वेकडची गोष्ट जास्त अवघड आहे. अनमोडच्या उतारावर लांब गाडी येऊच द्यायची नसेल तर ती घाटमाथ्यावरच तोडावी लागेल, आणि घाटमाथा कर्नाटकात आहे. त्या पटांगणासाठी दोन्ही राज्यांच्या वाहतूक आणि बांधकाम खात्यांना एका टेबलावर बसावे लागेल, जागा कर्नाटकाने द्यायची आणि गरज गोव्याची असल्यामुळे पहिले पत्र पणजीहून जायला हवे.